कवड्याचे दोन दात

त्या मुलखात तळे एकच होते आणि गोठे दोन. वरचा गोठा टेकाडावर होता, खालचा ओढ्याकाठी, आणि तळे दोघांच्या मधोमध. पाणी दोघांनाही पुरून उरेल इतके होते, पण काठ एकाच बाजूने उतरता होता. त्यामुळे जो गोठा आधी उतरे त्याला नितळ पाणी मिळे, आणि जो मागून येई त्याला चाळीस जनावरांच्या खुरांनी ढवळलेला गाळ. आधी कोणी उतरायचे हे वर्षातून एकदा ठरे, गवत पिवळे पडायला लागले की, माळावर, दोन्ही गोठ्यांच्या गोऱ्ह्यांच्या खेळावरून.

खेळ वाळलेल्या भोपळ्याचा होता. भोपळ्याला दोरीचा फास असे. तो तोंडात धरून समोरच्यांच्या रेघेपलीकडे नेऊन टेकवायचा. भोपळा पुढे फेकायचा नाही. द्यायचा तर मागून येणाऱ्यालाच द्यायचा, आणि तरी सगळ्यांनी मिळून पुढे सरकायचे. अडले की दोन्हीकडचे आठ आठ गोऱ्हे खांद्याला खांदा लावून, मस्तकाला मस्तक भिडवून उभे राहत आणि रेटा सुरू होई. मागे देत देत पुढे जाणे कसे जमते, हे खेळल्याशिवाय कळत नाही असे म्हातारे बैल सांगत. गाई ऐकून घेत.

खेळायला मिळे ते फक्त आदत गोऱ्ह्यांना. ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत तो आदत. खालच्या ओळीतले मधले दोन पडून तिथे दोन रुंद दात आले की तो दुसा झाला, मोठ्यांत गेला, त्याचा खेळ संपला. खेळाआधी प्रत्येक गोठ्याचा वडीलधारा आपल्याच रांगेपुढून चाले, एकेकाच्या तोंडात पाही आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असे म्हणे, ‘आदत.’ दुसऱ्या गोठ्याच्या गोऱ्ह्याच्या तोंडात डोकावणे हा अपमान समजला जाई. तसे कोणी केल्याचे कोणाला आठवत नव्हते.

वरच्या गोठ्याचा वडीलधारा बाशिंग्या नावाचा बैल होता. अकरा वर्षे तो गोऱ्हे तयार करत होता आणि त्यातली शेवटची सात वर्षे ओळीने हरला होता. तो लबाड नव्हता, आणि म्हणूनच पुढचे सांगताना बरे वाटत नाही. सात वर्षे त्याच्या गोठ्याने गाळ प्यायला होता. वासरांची पोटे बिघडत. गाई त्याला काही बोलत नसत, पण तळ्यावरून येताना त्याच्याकडे न बघता जात, आणि ते त्याला जास्त लागे.

त्या वर्षी मात्र वरच्या गोठ्यात कवड्या होता. अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके, छाती दाराएवढी, आणि भोपळा तोंडात आला की असा धावे की त्याच्या आईलाही वाटे, हा आपला नव्हेच. बाभळीवरच्या कावळ्यांना अंदाज बांधण्याची भारी हौस होती. ते स्वतः कधी खेळले नव्हते, त्यामुळे त्यांचे मत पक्के असे. पावसाळाभर ते एकच सांगत होते: यंदा वरचा गोठा. हळूहळू गाईही तळ्याकडे जाताना कवड्याकडे बघून हसू लागल्या आणि बाशिंग्याची तब्येत विचारू लागल्या.

खेळाला चार दिवस उरले असताना कवड्या त्याच्याकडे आला. जरा लाजत, पण खुशीतच.

“तात्या, हे बघा,” म्हणाला आणि त्याने आ केला.

खाली मध्यभागी दोन नवे दात होते. रुंद, पांढरे, हिरडीतून पुरते वर आलेले.

बाशिंग्याने ते जवळून पाहिले. मग त्याने विचारले, “कुणाला दाखवलंस?”

“कुणालाच नाही. आधी तुम्हालाच.”

“आईला?”

“संध्याकाळी दाखवणार होतो.”

“नको दाखवूस,” बाशिंग्या म्हणाला.

कवड्याचे तोंड अजून उघडेच होते. ते त्याने मिटले.

बाशिंग्याने स्वतःची समजूत घातली, ती अशी. खेळ चार दिवस आधी असता तर पोरगा आदतच होता. चार दिवसांत काही त्याची ताकद दुप्पट होत नाही. आणि खालच्या गोठ्याने सात वर्षे नितळ पाणी प्यायले आहे, एक वर्ष गाळ प्याले तर मरणार नाहीत. यातले एकही वाक्य खोटे नव्हते.

“तोंड मिटून राहायचं,” त्याने कवड्याला सांगितले. “रवंथ करशील तेव्हा भिंतीकडे तोंड कर. खेळात भोपळा धरायचा नाहीस. रेट्यात राहायचं आणि ढकलायचं, बास.”

“पळायचं नाही?”

“नाही.”

“आणि हंबरायचं?”

“तेही नको.”

“आईनं हाक मारली तर?”

“मान हलव,” बाशिंग्या म्हणाला.

चार दिवस कवड्या भिंतीकडे तोंड करून बसला. वासरांना वाटले, विजयाची तयारी अशीच करायची असते. ती दुरून बघत राहिली.

खेळाच्या सकाळी दोन्ही रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या. खालच्या गोठ्याची वडीलधारी भिंगरी म्हणून एक म्हातारी गाय होती, एका डोळ्याने अधू, पण प्रत्येकाच्या तोंडाला नाक लावून बघे. तिने आपली रांग पुरी केली. मग बाशिंग्या निघाला. पहिला, दुसरा, तिसरा. कवड्यापुढे तो थांबला, इतरांपुढे थांबला होता तितकाच. कवड्याने ओठ जेमतेम विलगले.

“आदत,” बाशिंग्या म्हणाला.

त्याचा आवाज जराही कापला नाही. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच.

खेळ अटीतटीचा झाला. कवड्या रेट्यात होता तोवर खालच्या गोठ्याचे गोऱ्हे पाऊल पाऊल मागे सरकत होते, आणि रेटा सुटला की ते चपळाईने गेलेले परत मिळवत होते. ऊन डोक्यावर आले तरी बरोबरीच होती. शेवटच्या रेट्यात भोपळा कोणाच्या तरी पायातून निसटला आणि गडगडत कवड्यापुढे येऊन थांबला. समोर माळ मोकळा होता. रेघ वीस पावलांवर. मध्ये फक्त एक जण, खालच्या गोठ्याचा पिंगळ्या, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चिवट.

कवड्याने मागे पाहिले. भोपळा घ्यायला मागे कोणी नव्हते. मग त्याने बाशिंग्याकडे पाहिले. बाशिंग्याने मान वळवली नाही, डोळेही मिटले नाहीत. तो नुसता उभा राहिला.

कवड्याने तोंड उघडले आणि फास धरला.

पिंगळ्या आडवा यायला झेपावला होता, तो जागच्या जागी थबकला. त्याला भीती वाटली नव्हती. त्याला दिसले होते. कवड्या त्याच्या अंगावरून न जाता बाजूने गेला आणि त्याने भोपळा रेघेपलीकडे टेकवला. वरच्या गोठ्यात सात वर्षांचे हंबरणे एकदम फुटले. जिंकून देणारा तेवढा गप्प होता.

दुपारी वरचा गोठा आधी तळ्यात उतरला. पाणी इतके नितळ होते की वासरे आपलीच तोंडे बघून बुजली. गाईंनी बाशिंग्याला सगळ्यांच्या पुढे केले. तो गुडघाभर पाण्यात उभा होता, तेवढ्यात काठावर भिंगरी आली. तिच्यामागे पिंगळ्या होता.

“बाशिंग्याभाऊ, जरा बोलायचं होतं,” ती म्हणाली. “हा आमचा पोरगा मघापासून एकच घोकतोय. तुमच्या कवड्याला दोन दात आलेत म्हणतो. मी त्याला सांगितलं, बाशिंग्या आदत म्हणाला म्हणजे आदत. मी त्याला अकरा वर्षं ओळखते. हरलं की पोरांना काहीबाही दिसतं. पण त्यानं ते चार जणांत बोलून दाखवलं, म्हणून घेऊन आले.” मग ती पिंगळ्याकडे वळली. “माग माफी.”

पिंगळ्याने बाशिंग्याकडे सरळ पाहिले. त्याच्या पायाला खरचटले होते आणि त्यावर माश्या बसत होत्या.

“चुकलं माझं, तात्या,” तो म्हणाला.

इथे बाशिंग्याला बोलता आले असते. भिंगरी समोर होती, गोठा मागे होता, आणि एवढेच म्हणायचे होते की पोराचे चुकले नाही. मागे गाई पाणी पीत होत्या. सात वर्षांनी त्यांच्या घशातून पाणी गाळ न लागता उतरत होते, आणि तो आवाज त्याला ऐकू येत होता.

“पोर आहे,” बाशिंग्या म्हणाला. “सोडून द्या.”

भिंगरीने त्याचे आभार मानले. ती दोघे काठावर बाजूला उभी राहिली, वरच्या गोठ्याचे पिऊन होईपर्यंत. बाशिंग्या त्या दिवशी पाणी न पिताच बाहेर आला.

वर्ष चांगले गेले, निदान बाकीच्यांचे. वासरांची पोटे सुधारली. कावळे आपण आधीच सांगितले होते म्हणून मिरवत होते. बाशिंग्या मात्र तळ्यावर उशिरा जाऊ लागला, खालच्या गोठ्याचेही पिऊन झाल्यावर. गाळ पिताना त्याला थोडे बरे वाटे, आणि असे बरे वाटून घेण्याचीही त्याला लाज वाटे. पिंगळ्याला त्याच्या गोठ्यात खोटारडा म्हणू लागले आहेत हे त्याच्या कानावर आले. दोनदा तो ओढ्यापर्यंत गेला आणि दोनदा, गवत बघायला आलो होतो, असे सांगून परतला.

कवड्या आता मोठ्या बैलांत होता. त्याला लपवण्याचे काही कारण उरले नव्हते. “आता उघड की तोंड,” बाशिंग्या त्याला एकदा म्हणाला. कवड्याने मान हलवली. तो अजून भिंतीकडे तोंड करूनच रवंथ करत असे, अर्धवट, घाईघाईने, आणि त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या. आई हाक मारी तेव्हाही तो मान हलवी. तिला वाटे, पोरगा मोठा झाला.

पुन्हा गवत पिवळे पडले. या वेळी बाशिंग्याने मनाशी पक्के केले होते. प्रत्येकाचे तोंड पुरते उघडून, सगळ्यांना दिसेल असे बघायचे, आणि रांग संपली की माळावर उभे राहून गेल्या वर्षीचे सांगून टाकायचे. पाण्याचे काय व्हायचे ते होवो. तीन रात्री त्याने ते वाक्य जुळवले होते.

आधी भिंगरी निघाली. ती पिंगळ्याजवळ पोचण्याआधीच तो रांगेतून एक पाऊल पुढे आला.

“माझे पडले,” तो म्हणाला. “परवाच.” आणि त्याने दोन्ही गोठ्यांना दिसेल असा मोठा आ केला. खाली दोन कोवळे रुंद दात डोकावत होते. खालच्या गोठ्याला त्या दिवशी एक गडी कमी पडला. पिंगळ्या जाऊन रेघेबाहेर गाईंजवळ बसला आणि निवांत रवंथ करू लागला.

मग बाशिंग्या आपल्या रांगेपुढे आला. रांगेत सगळी गेल्या वर्षीची वासरे होती, ज्यांनी भिंतीकडे तोंड केलेला कवड्या दुरून पाहिला होता.

“तोंड उघड,” तो पहिल्याला म्हणाला.

पहिल्याने उघडले नाही. दुसऱ्यानेही नाही. बाशिंग्याने रांगेवरून नजर फिरवली. आठही तोंडे घट्ट मिटलेली होती. कोणी हंबरत नव्हते, कोणी रवंथ करत नव्हते. समोर भिंगरी शांतपणे त्याच्या शब्दाची वाट बघत उभी होती.

“अरे, उघडा,” तो हळूच म्हणाला. “तुमचे सगळे दुधाचेच आहेत.”

रांगेच्या टोकाला खारक्या होता. त्याला जन्मून दीड वर्षही झाले नव्हते. त्याने जबडा इतका आवळला होता की ओठांच्या कडेला फेस आला होता. बाशिंग्या जवळ आला तशी त्याने मान ताठ केली, कवड्यासारखी थोडी तिरकी धरली, आणि शाबासकीसाठी वर पाहिले.