कोरा शेला

एका राज्यात युद्धाची नौबत देवीच्या टेकडीवर ठेवलेली असे. ती वाजली की राज्यावरचा परका मंत्र उतरून टाकणाऱ्यावरच उलटे. पण युद्ध नसताना वाजवली, तर ती कायमची मुकी होणार होती. म्हणून रिवाज असा, की सेनापतीने रक्ताचा डाग पडलेला पांढरा शेला राजासमोर अंथरावा, मगच टिपरी उचलावी.

एका वर्षी रक्ताचा थेंबही सांडला नाही, तरी राज्य मोडत चालले. नदीच्या पूर्वतीराच्या लोकांनी पश्चिमतीराच्या हातचे पाणी पिणे सोडले. भावांनी एका घराला दोन दारे पाडली. पक्षिशाळेची राखणदार हंसावली दरबारात म्हणाली, की हे युद्धच आहे. मायाधर मांत्रिकाने लोकांचे कान भरायला बोलक्या साळुंक्या सोडल्या आहेत.

सेनापती भीमकेतूच्या पोटात दुखले. युद्ध कशाला म्हणायचे, ते वीस वर्षे त्याने सांगितले होते. आता राजा या बाईकडे मान वळवून ऐकत होता. शिवाय रोज पहाटे खिडकीबाहेरून एक घोगरा आवाज त्याला सांगून जाई, की राजाने आपली मुद्रा गुपचूप हंसावलीला दिली आहे. साळुंक्या पकडायला तिने शंभर स्वार मागितले. त्याने एकही दिला नाही.

“बाई, तुम्ही पोपटांना दाणे घाला,” तो म्हणाला.

“रोज घालते, सेनापती. म्हणून तर कोण कुणाचे दाणे खातो ते कळते.”

दरबार हसला. भीमकेतू हसला नाही.

राजा चंद्रवर्मा म्हणाला, की प्रत्येक खोटे म्हणजे युद्ध नव्हे. नाहीतर रोज बाजारावरच स्वारी करावी लागेल. हंसावलीने महिन्याभरात तीन गोष्टी आणाव्यात: पाठवणारा, हेतू आणि जखम.

तिचा राघू सात डोंगर ओलांडून मायाधराच्या किल्ल्यावरची निळी मोहरी घेऊन आला. हंसावलीने जाळे लावून पकडलेल्या साळुंकीने त्या मोहरीवाचून दुसरा दाणा चोचीत धरला नाही. मग ती साळुंकी दरबारात बोलली. पूर्वतीराला सांगायचे विष आणि पश्चिमतीराला सांगायचे विष, दोन्ही एकाच घोगऱ्या आवाजात.

भीमकेतूने तो आवाज ओळखला.

जखम मात्र मिळेना. ज्याला विचारावे तो म्हणे, माझा राग मला कुणी शिकवला नाही. मुदत सरली. हंसावली तीनपैकी दोनच गोष्टी घेऊन उभी राहिली. भीमकेतूने फक्त गप्प राहायचे होते. ती हरली असती. ते त्याला फार गोड वाटले, आणि त्या गोडीचीच भीती वाटली.

त्याने कोरा शेला राजासमोर अंथरला.

“डाग कुठे आहे?” राजाने विचारले.

“महाराज, ही साळुंकी पकडली जाईपर्यंत तीन महिने माझ्या खिडकीशी येत होती. हिचे ऐकून मी स्वार अडवले, हंसावली हरावी म्हणून. शत्रूने आपला सेनापती पाडला, आणि मला तो माझाच हेवा वाटला. जखम मीच आहे.”

राजाने कोरा शेला उचलून घेतला. मग म्हणाला, “परक्याने मुद्दाम पाठवले, आमचे आमच्यावर उठावेत म्हणून पाठवले, आणि ते लागले. हे युद्ध.” त्याने टिपरी हंसावलीच्या हाती दिली.

नौबत वाजली. साळुंक्यांची वाचा गेली. मायाधर आपल्या किल्ल्यात बसल्या जागी दगड झाला. दोन्ही तीरांनी एका घाटावर पाणी भरले, भावांनी दुसरे दार लिंपून टाकले.

टेकडीवर लोक हंसावलीचा जयजयकार करत होते. पायथ्याशी भीमकेतूच्या पोटात पुन्हा थोडे दुखले. त्याने कान देऊन ऐकले. कुणी काही सांगत नव्हते. हा हेवा त्याचा स्वतःचा होता. तो पायऱ्या चढून वर गेला आणि लोकांबरोबर तिचे नाव घेऊ लागला.