खैरीची पाठ

त्या मुलखात माळ घोड्यांचा होता आणि पाणी गडाचं होतं. माळावरचे पाणवठे आटत गेले, तसा गडाच्या पायथ्याच्या झऱ्याभोवती दगडी कोट उभा राहिला आणि त्या कोटाला एकच दरवाजा ठेवण्यात आला. गडाला घोडे हवे होते. पूर्वी ते माळावरून धरून आणले जात आणि चाबकाने फोडून काढून सरळ केले जात. त्यातले पुष्कळ पाय मोडून पडत. काही स्वाराला आपटून निसटत आणि परत जाऊन आपल्या जखमा सगळ्या कळपाला दाखवत. त्यामुळे गडाचा नुसता वास आला, तरी माळावरचं कालचं शिंगरूसुद्धा उधळायचं.

अशातच एका सकाळी त्या दरवाजातून एक घोडा एकटाच बाहेर आला. म्हातारा होता. अंगावर खोगीर नव्हतं, गळ्यात दोर नव्हता. काळ्या अंगावर पाठीशी, बरगड्यांशी आणि तोंडाच्या दोन्ही कडांना पांढरे डाग होते, म्हणून कळपाने त्याला अबलख म्हटलं. तो बराच लांब उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "आत पाणी भरपूर आहे. गडाचं म्हणणं एवढंच, की तुमच्यातल्या एकीनं यावं आणि शिकून घ्यावं. राजीखुशीनं. ती तयार झाली, की दरवाजा सगळ्यांसाठी उघडेल. चाबूक आता राहिला नाही."

कळपातली तरणी घोडी खैरी तेव्हा नुकती अंगाने भरली होती. तिची आई त्या उन्हाळ्यात सपाट जागीही ठेचकाळायला लागली होती, आणि धाकटी शिंगरं वाळल्या चिखलाला जीभ लावून पाहत होती.

"जाऊ नकोस," आई म्हणाली.

"शिकायचंच तर आहे, आई. आणि तो आपल्यातलाच आहे."

आईने दुसरं काही सांगायच्या आत खैरी म्हाताऱ्याच्या मागे चालू लागली.

कोटाच्या आत पहिले काही दिवस ती चाबकाची वाट पाहत अंग आखडून उभी राहायची. चाबूक आला नाही. गडाची माणसं हळू चालत, हळू बोलत आणि अबलखाने मान हलवल्याशिवाय तिच्या जवळ येत नसत. अबलखाने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "भीती वाटली, तर पाय आपट. सगळं तिथल्या तिथं थांबेल."

खैरीने खात्री करून घेण्यासाठी उगाच पाय आपटला. खरारा करणारा माणूस हात वर करून मागे सरला. मग तिने आणखी एकदा आपटला, तेव्हा पाणी घेऊन येणाराही थांबला. तिला हसू आलं. माळावर ती कळपातली शेवटून मोजण्यातली, तिच्या एका पायाने जग थांबतं हे तिला नवीन होतं.

मग पाठीवर घडी घातलेलं घोंगडं आलं. त्याआधी ते तिला हुंगायला दिलं होतं. घोंगड्यानंतर रिकामं पोतं, पोत्यात थोडी वाळू, मग आणखी थोडी. प्रत्येक वेळी अबलख विचारायचा, "चालेल ना, पोरी?" आणि प्रत्येक वेळी तिला चालायचं. खोगीर आलं, तेव्हा त्याचा तंगाचा पट्टा आधी इतका सैल बांधला, की ते घसरून पोटाखाली आलं आणि सगळ्यांबरोबर तीही दचकली. दुसऱ्या दिवशी तो जरा आवळला, तिसऱ्या दिवशी आणखी जरा. लगामाची लोखंडी कडी गूळ चोपडून तोंडात दिली. कडी असेपर्यंत बोलता येत नसे, पण ती काढली, की अबलखाचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "कुठं टोचलं का?" इतकी विचारपूस तिची तिच्या आईनेही कधी केली नव्हती.

"काका, दरवाजा कधी उघडणार?" ती विचारायची.

"तू तयार झालीस की."

म्हणून तीच घाई करू लागली. वाळू वाढवा म्हणाली, तंग आवळा म्हणाली. कळप कोटाबाहेर उन्हात उभा असेल, या विचाराने ती ज्या गोष्टीला पुढच्या महिन्यात राजी व्हायची, तिला आजच राजी झाली. अबलख कधीकधी तिच्याकडे पाहत राहायचा आणि चारा तोंडात धरून चावायचं विसरायचा. तिला वाटायचं, काकांना आपलं कौतुक वाटतंय.

स्वार आला तो सकाळी, ऊन कोवळं असताना. त्यानेही आधी हात पुढे करून हुंगू दिला. मग तो इतक्या अलगद वर बसला, की वाळूच्या पोत्यापेक्षा हलका वाटला. खैरीने झऱ्याभोवती एक फेरी घेतली. पाठीवर बसलेल्याचं तोंड आपल्याला दिसत नाही, एवढंच तिला चमत्कारिक वाटलं. फेरी पुरी झाली आणि समोरचा दरवाजा खरोखर उघडला. तिचा ऊर भरून आला.

मग तिने दरवाजाच्या आतल्या बाजूला पाहिलं. कोटाच्या भिंतीला चिकटून माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात दोराचा फास होता. दरवाजाच्या मागे, बाहेरून दिसणार नाहीत असे, जाड अडसर रचून ठेवले होते.

खैरीने पाय आपटला.

कुणी थांबलं नाही. तिने पुन्हा आपटला, अगदी खूर दुखेपर्यंत. स्वाराच्या टाचा तिच्या बरगड्यांना हळूच लागल्या आणि लगाम एका बाजूला ओढला गेला. तिने मान वळवून अबलखाला शोधलं. तोंडात कडी होती, विचारता येईना. पण प्रश्न त्याला कळला.

"मी जन्माचा अबलख नाही, पोरी," तो म्हणाला. "काळाच होतो. जिथं जिथं कातडी फाटली, तिथं केस पांढरे आले. मला असं आणलं होतं. तुला कुणी बोट तरी लावलं का? सांग ना. लावलं का?"

तो तिला विनवत होता. तिने शांतपणे म्हणावं, की नाही काका, तुम्ही माझं भलंच केलंत, याची तो म्हातारा वाट पाहत होता. खैरीने त्याच्याकडे पाहिलं नाही. एवढीच एक गोष्ट तिच्या हातात उरली होती, ती तिने केली.

स्वाराने तिला बाहेर काढलं आणि माळाच्या कडेला नेऊन उंचवट्यावर उभं केलं, चारी बाजूंनी दिसेल असं. लांब, वाळल्या गवतात कळप उभा होता. सगळे कान टवकारलेले. पळण्याच्या तयारीत.

"परत जा!" खैरी जीव तोडून ओरडली.

शब्द कडीवर अडकले. बाहेर आलं ते नुसतं खिंकाळणं, लांबलचक, तिच्या ओळखीच्या आवाजातलं. कळपाने तो आवाज ओळखला. ती पुन्हा ओरडली, तसे ते चालायला लागले. आणखी ओरडली, तसे धावायला लागले. शेवटी ती गप्प झाली, पण तोवर ते पोचले होते.

सगळ्यांच्या पुढे आई होती; स्वाराला पाहून ती बिचकली, पण त्याच्या हातात चाबूक नव्हता. तिने लेकीला खुरापासून कानापर्यंत हुंगलं. मान पाहिली, पोट पाहिलं, मांड्या पाहिल्या. कुठे वळ नव्हता, कुठे खरचटलेलं नव्हतं; अंग तर असं चकचकीत, जसं माळावर कधीच नव्हतं.

"मारलं नाही ना गं तुला?"

खैरीच्या तोंडातून फेस गळला. आईने तो चाटून घेतला, एक मोठा श्वास सोडला आणि मागे वळून कळपाला हलकी साद घातली. मग ती पाण्याच्या वासाने दरवाजाकडे चालू लागली. तिच्या मागून शिंगरं निघाली आणि जाता जाता एकेक करून खैरीच्या गुळगुळीत पोटाला लाडाने अंग घासून आत गेली.