मुठीचा डबा

एकदा एक तरुण धर्मसेवेचे शिक्षण घेण्यासाठी एका वृद्ध पाळकांच्या घरी राहायला आला. त्याचे नाव शांतवन. प्रार्थनेत तो इतका रंगे, की जेवणाआधी देवाचे उपकार मानून होईपर्यंत भाकरी गार होई. पाळकबाबा विधुर होते. दोघांचे जेवण रोज दुपारी फडक्यात बांधून ओट्यावर आलेले असे. ते कोठून येते, हे विचारावे असे शांतवनला कधी वाटले नाही. आपल्याला शिकायला पाठवणाऱ्या संस्थेने सोय केली असणार, असे तो धरून चालला होता.

त्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत होती. दळणाला धान्य काढताना प्रत्येक घरची बाई एक मूठ ज्वारी देवासाठी बाजूला ठेवी आणि रविवारी चर्चमधल्या मोठ्या डब्यात ओती. त्याला सगळे मुठीचा डबा म्हणत.

चर्चची झाडलोट राहेलबाई करीत. उपासना संपल्यावर त्या मागच्या दाराने निघत, तेव्हा पदराखाली काहीतरी लपवलेले दिसे. शांतवनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पुढच्या रविवारी त्याने खांबाआडून पाळत ठेवली. बाईंनी इकडेतिकडे पाहिले, डब्यातली ज्वारी पिशवीत भरली आणि पिशवी पदराखाली घेतली.

संशयाला बसायला एकदा पाट दिला, की तो जेवूनच उठतो. बाईंचे हसणे त्याला लबाड वाटू लागले, त्यांचा सलाम खोटा वाटू लागला. पाळकबाबांना हे दिसत असूनही ते गप्प आहेत, म्हणजे कुठेतरी पाणी मुरते आहे, असेही मनात येऊ लागले. शेवटी शनिवारी त्याने सगळे बोलून दाखवले. या बाईंना कामावरून काढा, नाहीतर सोमवारी संध्याकाळी मंडळीच्या पंचांपुढे मीच साक्ष देतो, असे त्याने निक्षून सांगितले.

पाळकबाबांनी बाईंची बाजू घेतली नाही आणि त्यांना दोषही दिला नाही. त्यांनी एक जुने कुलूप शोधून डब्याला लावले आणि किल्ली शांतवनच्या हातावर ठेवली. बाई निर्दोष असतील तर कुलूप कशाला, आणि चोर असतील तर मौन कशाला, हे त्याला उमगेना. रविवारी राहेलबाई कुलपाला हात लावून रिकाम्या हाताने परतल्या, तेव्हा मात्र त्याला मनापासून समाधान वाटले.

सोमवारी दुपारी ओट्यावर फडके नव्हते. पाळकबाबांनी नेहमीप्रमाणे दोन ताटे मांडली, डोळे मिटले आणि म्हणाले, "कर प्रार्थना."

"हे प्रभू, या अन्नाबद्दल..." एवढे बोलून तो अडखळला. ताट रिकामे होते.

तेवढ्यात दारात राहेलबाई आल्या. त्यांच्या हातात फडके होते.

"दादा, उशीर झाला. मागचं पीठ काल संपलं आणि डब्याला कुणी कुलूप घातलंय. माझ्या घरात होतं तेवढ्या पिठाच्या या दोन भाकऱ्या झाल्या. आजचा दिवस भागवा."

त्या गेल्यावर शांतवनला मान वर करवेना. किल्ली खिशात टोचत होती. हे आधी का सांगितले नाही, असे त्याने हळूच विचारले.

"सांगितलं असतं, तर तू माझं खरं मानलं असतंस? तुझा माझ्यावरही संशय होता," पाळकबाबा म्हणाले. "पाळकाचं आणि शिकायला येणाऱ्याचं पोट मुठीच्या डब्यावर चालवायचं, हे मंडळीनं ठरवलं. दळण आणि भाकरी राहेलबाईंनी अंगावर घेतली. तुला ओशाळं वाटू नये, म्हणून लपवून न्यायचं, हेही त्यांचंच. तू रोज वर बघून उपकार मानत होतास, ते पोचतच होते. पण बाळा, देव भाकरी वरून टाकत नाही. कुणाच्या तरी पदराखालून पाठवतो."

मग त्यांनी एक भाकरी त्याच्या ताटात वाढली. "संध्याकाळी साक्ष देणार होतास ना? अवश्य दे."

संध्याकाळी शांतवन पंचांपुढे उभा राहिला. त्याने किल्ली समोर ठेवली आणि राहेलबाईंच्या देखत सगळे सांगितले, स्वतःची पाळतसुद्धा. पंचांनी कुलूप काढायला सांगितले, तेव्हा ते त्याने आपल्या हाताने काढले.

त्यानंतर जेवणाआधीची त्याची प्रार्थना फार आटोपशीर झाली. आधी राहेलबाईंचे नाव, मग आमेन. भाकरी गरम असतानाच मोडली जाऊ लागली.