ही जागा कोण झाडतं?

एका डोंगराळ जंगलात एक सशीण राहत असे, आणि ती इतकी भिडस्त होती की कुणाचा पाय तिच्या पायावर पडला तरी तीच म्हणायची, "माफ करा हं, माझाच पाय मध्ये आला." तुम्ही हसाल, पण भिडस्त मंडळी अशीच असतात. मी स्वतः त्यातलीच आहे, म्हणून खात्रीने सांगते. एखादी गोष्ट आपल्याला खटकते, ती अगदी ओठांपर्यंत येते, आणि मग वाटतं, जाऊ दे, आपण कशाला बोला, उगाच चारचौघांचा विरस नको. सशिणीचं सगळं आयुष्य या 'जाऊ दे'वर चाललं होतं आणि आजवर तरी तिचं त्यात फारसं काही बिघडलं नव्हतं.

त्या वर्षी वैशाखात जंगलातला ओढा आटला. खडकांच्या खोबणीत होतं तेवढं पाणीही संपलं, तेव्हा प्राणी जिकडे वाट फुटेल तिकडे निघाले. सशीण, एक कोल्हा आणि एक कासव अशा तिघांनी मिळून डोंगरापलीकडच्या तळ्यावर मुक्कामाला जायचं ठरवलं. आता तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच, की कोल्हा आणि सशीण एकत्र कसे? तर त्यांच्यात बोली झाली होती. पाऊस पडेपर्यंत कुणी कुणाला खायचं नाही. अडचणीच्या दिवसांत अशा बोली होतात. शिवाय कोल्ह्याला सोबत हवीच होती, कारण आपलं कौतुक करायला दुसरं कुणी नसेल तर त्याला अन्न गोड लागत नसे.

सशिणीने मात्र मनावर दगड ठेवून हो म्हटलं होतं. तिचे दिवस भरत आले होते. आज-उद्या पिल्लं होणार, आणि पाणीच नसेल तर त्यांना दूध कुठून मिळणार? पहिले चार दिवस पिल्लं कुणाच्या नजरेला न पडता निवांत पडून राहतील, एवढी जागा मिळाली की झालं, असं ती स्वतःशी म्हणत होती. दुसरं काही तिला नको होतं.

कोल्ह्याने पळसाची मोठाली पानं वेलीत ओवून पाठीवर घेतली होती. काटक्या रोवायच्या, वर पानं घालायची, की झाला तंबू. कासवाने काहीच घेतलं नव्हतं. "आमचं घर आमच्याबरोबरच फिरतं," असं ते दर दहा पावलांनी ऐकवायचं. "थांबू तिथे घर. ठोकाठोकीची कटकट नाही." हल्ली माणसंही चाकांवरचं घर घेऊन तळ्याकाठी सुट्टीला जातात, ती दिसली की मला हे कासव आठवतं. त्याच्यामुळे दोन दिवसांच्या वाटेला पाच दिवस लागले, पण त्याला तसं कुणी बोललं नाही. सशीण तर नाहीच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तळं दिसलं. तिघंही आधी पोटभर पाणी प्यायले आणि मग जागा बघायला निघाले. जांभळीखाली गार सावली होती, पण जमीन खडबडीत, आणि मुंग्यांची रांग थेट बुंध्यापर्यंत गेलेली. वर टेकाडावर करवंदीची दाट जाळी होती. तिथे काटेच काटे, आणि पाणीही लांब. मग ते एका करंजाच्या झाडाखाली आले आणि तिथेच थांबले. इतकी सपाट, मोकळी जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती. खडा नाही, काडी नाही, गवताचं पातंसुद्धा नाही. अंगण सारवावं तशी ती जमीन थेट पाण्यापर्यंत उतरत गेली होती.

"याला म्हणतात नजर," कोल्हा म्हणाला. "वर सावली, चार उड्यांवर पाणी, खाली एक खडा टोचत नाही. आपण येणार म्हणून कुणी झाडूनच ठेवलंय जणू."

कासव पाण्याच्या कडेला गेलं. तिथल्या चिखलात गोल गोल खळगे पडले होते. त्यातल्या एका खळग्यात ते उतरलं, हलून-डुलून बसलं आणि खूश झालं. "अगदी माझ्या मापाचा आहे हो," ते म्हणालं. "मी काही आता इथून हलत नाही."

सशिणीने पुढच्या पायाने जमीन उकरून पाहिली. नख लागेना. लाखो वेळा चोपून बसवावी तशी ती घट्ट होती. मग तिचं लक्ष करंजाकडे गेलं. त्याचं खोड एका बाजूने घासून घासून गुळगुळीत झालं होतं आणि त्यावर वाळका चिखल चिकटला होता, तोही कोल्हा मागच्या पायांवर उभा राहिला तरी त्याचा पंजा पोचणार नाही इतक्या उंचीवर. कडेला वाळलेलं शेणही पडलं होतं. सशिणीच्या मनात आलं, ही जागा झाडतं कोण?

प्रश्न चांगला होता. तो तिने मोठ्याने विचारला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्हाला खेळायला जाता आलं असतं. पण कोल्ह्याने पाठीवरचं ओझं उतरवून काटक्या रोवायला सुरुवातही केली होती, कासव डोळे मिटून पडलं होतं, आणि पाच दिवसांच्या चालीने सगळ्यांचेच पाय मोडून आले होते. अशा वेळी शंका काढायची म्हणजे फार वाईट दिसतं. पलीकडे लव्हाळ्यात एक पाणकोंबडी शेपटी उडवत उभी होती आणि त्यांच्याकडेच टक लावून बघत होती. सशीण हळूच म्हणाली, "त्या ताईंना विचारून बघू या का? त्या इथल्याच दिसतात."

"काय विचारायचं तिला?" कोल्हा म्हणाला. "जन्म चिखलात गेला तिचा. जागा पारखायला नजर लागते, सशीणबाई. की तुम्हाला आवडली नाही ही जागा?"

"छे छे, छानच आहे की," सशीण म्हणाली.

दुपारी तंबूच्या सावलीत तिला तीन पिल्लं झाली. हातभर जागेत तिघं एकमेकांना चिकटून पडली होती. डोळे उघडे, अंगावर लव, पण पायांत अजून उभं राहायचं बळ नव्हतं. धाकट्याचा एक कान सारखा दुमडत होता आणि सशीण तो पुन्हा पुन्हा चाटून सरळ करत होती. तिला फार बरं वाटत होतं. कोल्हा बाजूच्या तंबूत घोरत होता.

उन्हं कलली आणि सशिणीच्या पोटाला जमीन हलल्यासारखी वाटली. अगदी बारीक, लांबून येणारी थरथर. ती थांबली, आणि पुन्हा सुरू झाली. सवयीने सशीण मनात म्हणाली, जाऊ दे, वारा असेल. मग तिने पिल्लांकडे पाहिलं. झाडाचं एक पान हलत नव्हतं. ती उठली आणि लव्हाळ्याकडे धावत गेली.

"ताई," ती म्हणाली, "ही जागा इतकी साफ कशी?"

पाणकोंबडीने मान वर केली. "अहो, रोज तिन्हीसांजेला गवे उतरतात ना पाण्यावर. साठ-सत्तर तरी असतील. पाणी पितात, करंजाला अंग घासतात आणि जातात. त्यांच्या पायांखाली गवत उगवणार कुठून? आणि ते कासव ज्यात बसलंय ना, तो गव्याच्या खुराचा ठसा आहे."

सशिणीच्या तोंडचं पाणी पळालं. "मग सकाळी सांगितलं का नाहीत आम्हाला?" ती म्हणाली. एवढ्या वरच्या आवाजात ती जन्मात कुणाशी बोलली नव्हती.

पाणकोंबडी ओशाळली. "दिवसभर तेच मनात होतं हो. पण नवीन मंडळी, न विचारता कसं सांगायचं? म्हणाल, काय आगाऊ बाई आहे. म्हटलं, जाऊ दे."

सशिणीने आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकला, आणि तिला स्वतःचा राग आला तसा पाणकोंबडीचाही आला. पण रागवायला वेळ नव्हता. ती उलट्या पावली करंजाखाली आली आणि तिने कोल्ह्याला हलवून उठवलं.

"कोल्होबा, उठा. ही गव्यांची वाट आहे. ते येतायत."

"गवे?" कोल्हा डोळे चोळत म्हणाला. "त्या पाणकोंबडीने सांगितलं वाटतं. अहो, आत्ता कुठे सगळं मांडलंय. उद्या सकाळी बघू."

"तुमची निवड चुकली," सशीण म्हणाली, "आणि मला कळत असून मी गप्प बसले, हे माझं चुकलं. आता मी टेकाडावर चालले. तुम्ही यायचं तर या."

कोल्हा बघतच राहिला. त्याला असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, आणि सशीण म्हणेल असं तर स्वप्नातही आलं नव्हतं. ती कासवाकडे वळली. "कासवभाऊ, पाण्यात जा. अगदी आत जा."

"मी डोकं आत घेतो की," कासव म्हणालं. "आमचं घर..."

"तुमच्या घरावर गवा उभा राहील तेव्हा तुम्ही घरातच असाल. पाण्यात जा."

कासवाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते मुकाट्याने पाण्याकडे सरकू लागलं.

सशिणीने पहिलं पिल्लू मानेला धरून उचललं आणि करवंदीच्या जाळीकडे धाव घेतली. बाळंतीण ती, पण कुठे थांबली नाही. पहिलं पिल्लू काट्यांच्या आत ठेवून ती परत आली, दुसरं उचललं, पुन्हा वर गेली. आता जमिनीची थरथर नुसत्या पायांनाही कळत होती. दुसरं पिल्लू खाली ठेवून ती वळली तेव्हा समोरच्या उतारावर धूळ उठली होती आणि धुळीत शिंगं दिसत होती. तिसरं, दुमडत्या कानाचं पिल्लू खाली तंबूत होतं. ती कितीही धावली तरी वेळेवर पोचणार नव्हती. तंबूपाशी कोल्हा होता. धूळ बघून त्याची खात्री पटली होती आणि तो पळायच्या बेतात होता.

कोल्हा म्हणजे कोल्हाच. पाच दिवस त्याने पडलेल्या उंबरांवर काढले होते. सशिणीला ते चांगलं माहीत होतं.

"कोल्होबा," ती वरून ओरडली, "तिसरं तुम्ही आणा. मानेला धरा. दात लावू नका."

कोल्हा क्षणभर थांबला. मग त्याने तंबूत तोंड घातलं, आणि तेवढ्यात धुळीने सगळं झाकून टाकलं. सशिणीला काही दिसेना. नुसता खुरांचा आवाज आणि काटक्या मोडल्याचा आवाज. ती जागच्या जागी उभी होती. करण्यासारखं तिच्या हातात काही उरलं नव्हतं.

जाळीच्या खालच्या बाजूला काटे हलले. नाकावर ओरखडे, शेपटीत काटे अडकलेले, अशा अवतारात कोल्हा वर आला आणि त्याने पिल्लू तिच्या पायाशी ठेवलं. पिल्लू लाळेने चिंब भिजलं होतं, पण अंगावर दाताची एक खूण नव्हती. कान दुमडलेलाच होता.

"बोली म्हणजे बोली," कोल्हा दुसरीकडे बघत म्हणाला. "पण सशीणबाई, पुन्हा सांगू नका हो असलं काम. फार जड जातं."

गवे पाणी प्यायले, करंजाला अंग घासलं आणि गेले. त्यांच्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. खाली कुणी मुक्काम टाकलाय हेही त्यांना कळलं नाही. तंबूंच्या जागी पळसाच्या पानांचा चुरा राहिला. कासव काळोख पडल्यावर बाहेर आलं. पाण्यात शिरता शिरता एक खूर कडेला लागून त्याच्या पाठीचा टवका उडाला होता. वर टेकाडावर येईपर्यंत त्याला उजाडलं, पण वाटेत त्याने घराबद्दल एक शब्द काढला नाही. काट्यांतल्या त्या जागेतून तळं नीट दिसत नव्हतं, आणि पाण्यासाठी रोज उतरावं-चढावं लागत होतं. तिथे मात्र कुणाची वाट नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तितरांचं एक कुटुंब तळ्यावर आलं. मागे सहा-सात पिल्लांची रांग. पाणी पिऊन झाल्यावर तितर करंजाखाली आला आणि बायकोला म्हणाला, "बघितलंस? झाडून ठेवल्यासारखी आहे. इथेच थांबू."

सशीण पिल्लांना पाजत होती, ती उठली.

"राहू द्या, सशीणबाई," कोल्हा म्हणाला. "त्यांनी आपल्याला विचारलंय का? उगाच आगाऊ म्हणतील."

"म्हणू देत," सशीण म्हणाली आणि उतार उतरू लागली. खाली लव्हाळ्यातून पाणकोंबडीही बाहेर पडली होती, आणि तीही करंजाकडेच निघाली होती.

तात्पर्य : आयती, साफसूफ मिळालेली जागा कुणाच्या तरी पायांनी साफ झालेली असते. ते पाय कुणाचे, हे मुक्काम टाकण्याआधी तिथे राहणाऱ्याला भीड न ठेवता विचारावं. आणि आपल्याला ठाऊक असेल, तर कुणी न विचारताही सांगावं.