मानाचा नारळ

वरच्या गावच्या देसायांनी माघात नदीवर फळ्यांचा बंधारा घातला आणि खालच्या गावचं उन्हाळी भात उभ्या उभ्या पिवळं पडू लागलं. गावचे पंच हात हलवत परत आले, तेव्हा द्वारका गावडे एकटीच देसायांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

भरल्या बैठकीत देसाई म्हणाले, "बाई, पाण्याचं नाव काढू नकोस. बाकी हवं ते माग, आजच्या आज देतो. देसायाचा शब्द आहे."

"मग सरकार, आमच्या देवीचा मानाचा नारळ द्या. यंदा आपल्या घराण्याकडून आलाच नाही."

देसाई खदखदून हसले. "एवढंच? अरे, हिला पाच नारळ द्या!"

"एकच पुरे. पण तो हातात घ्यायची रीत नाही. आपण घाटावर सोडायचा आणि नदीने आमच्या देवीच्या पायरीला आणून लावायचा. नाही लागला, तर मान दुसऱ्या घराण्याकडे जातो."

देसायांच्या हातातलं पान हातातच राहिलं. बंधाऱ्याखाली नुसते गोटे होते. अखेर ते गड्यांना म्हणाले, "काढा फळ्या."

संध्याकाळी नारळ पायरीला लागला आणि पाणी शेतांत शिरलं.

दुसऱ्या दिवशी देसायांचा निरोप आला, "भात कापेपर्यंत दर सोमवारी एक नारळ सोडीन. देवीला चालेल ना?"

द्वारकाने उलट निरोप धाडला, "चालेल. फक्त सोललेला नको, सालासकट मोठा असोला सोडा. म्हणजे दोन फळ्या जास्त काढाव्या लागतील."