आधी पाय ओले

वेळ सकाळी सातची. जागा, झाडीपट्टीतल्या चिंगरीटोल्याच्या तलावाची पाळ. तीन विभागांची तलाव-संवर्धन कार्यालये मोडून जे एक मोठे कार्यालय झाले, त्याचे साहेब पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे होते. त्याशिवाय या पाळीवर पाण्याविषयी कुणालाच बोलता येत नाही.

"आमदारबी असेच उभे राह्यले, सायेब," सोनबा गहाणे म्हणाले. "त्यांचं तं धोतर होतं."

सोनबा इथले पाणकर, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार उघडणारे. प्रथेमागची गोष्ट त्यांनीच सांगितली.

फार पूर्वी म्हणे या ओढ्यावर एकाखाली एक तीन तलाव होते आणि तिघांचे तीन पाणकर. राजाला हा पसारा वाटला. त्याने पाणकर काढून तिन्ही तलाव राजधानीतल्या एका कारभाऱ्याकडे दिले. कारभारी हुशार होता, प्रामाणिकही होता. तलाव मात्र त्याने पाहिले नव्हते.

पुढच्या श्रावणात पाणी चढले. कारभाऱ्याचा हुकूम आला: वरचा तलाव भरला आहे, त्याचे दार आधी उघडा, मोडेल त्याचे डोके उडेल. पण खालचे दोन्ही तलावही काठोकाठ होते. वरचे पाणी सुटले असते तर खालच्या पाळी फुटून गाव वाहून गेले असते. काढून टाकलेल्या एका पाणकराची सून भागरता हिने हुकूम ऐकला आणि ती उलट्या टोकाला धावली. सर्वांत खालचे दार तिने आधी उघडले, मग मधले, मग वरचे.

कारभारी शिक्षा द्यायला आला, तेव्हा ती छातीभर पाण्यात दार धरून उभी होती, असे सांगतात. त्याने विचारले, कुणाच्या हुकमाने? ती म्हणाली, "इथं उतरा, मंग विचारा." तो उतरला. पायाखालची पाळ थरथरत होती. वर येऊन त्याने तिघा पाणकरांना परत नेमले, आणि इथे बोलणाऱ्याने आधी पाय ओले करावेत असे ठरवून दिले.

"गोष्ट चांगली आहे," साहेब हसत म्हणाले. "पाणी फार गार आहे हो."

"म्हनून तं लोक थोडक्यात बोलतेत," सोनबा म्हणाले.

सगळेच हसले. तलाव भरला होता, खाली धान हिरवेगार होते. आजही चिंगरीटोल्यात पहिले दार खालचेच उघडते आणि त्याला भागरतेच्या नावाने हळद लागते.

यंदा तिन्ही तलावांच्या दारांना नवी कुलपे आहेत. किल्ल्या साहेबांच्या एकत्रित कार्यालयात, साठ किलोमीटरवर. "पानी चढलं तं दार कोन उघडन?" सोनबांनी विचारले. साहेब तेव्हाही पाण्यातच उभे होते.