तिळीला पुरी मिळेना

एक होती मुंगी. तिचं नाव तिळी. तिळाएवढी इवलीशी, काळी काळी.

एकदा तिळीला सापडला पुरीचा तुकडा. तिने तो डोक्यावर घेतला. सगळ्या मुंग्यांच्या मागे, रांगेत शेवटी, ती चालू लागली.

तुरुतुरु तुरुतुरु.

आला वारा. भुर्रर्र!

तुकडा उडाला. तिळी मागे धावली. तुकडा पडला विहिरीत. डुबुक!

तिळीने वळून पाहिलं. रांग कुठेच नाही. सगळ्या निघून गेल्या.

"अगं, थांबा ना!"

कुणी ऐकलं नाही. तिळी एकटी. पोटात भूक.

समोर होतं एक घर. तिळी आत गेली. तुरुतुरु तुरुतुरु. घरात कुणी बोलेना. स्वयंपाकघर गप्प गप्प.

चुलीवर होती कढई.

"कढईबाई कढईबाई, तळ ना!
मला पुरी मिळेना!"

कढई म्हणाली, "आधी चूल पेटू दे. मगच मी तळीन."

तिळी उतरली चुलीपाशी. तुरुतुरु तुरुतुरु. चूल होती गार गार.

"चूलबाई चूलबाई, पेट ना!
कढई तळेना,
मला पुरी मिळेना!"

चूल म्हणाली, "आधी लाटणं फिरू दे. मगच मी पेटेन."

तिळी गेली लाटण्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. लाटणं पोळपाटावर झोपलं होतं.

"लाटणेदादा लाटणेदादा, फिर ना!
चूल पेटेना,
कढई तळेना,
मला पुरी मिळेना!"

लाटणं म्हणालं, "आधी कणीक भिजू दे. मगच मी फिरेन."

तिळी गेली परातीत. तुरुतुरु... धप्प! कोरड्या कणकेत पडली. नाकात गेलं पीठ. आक्छी! काळी तिळी झाली पांढरी. पण हसायला होतं कोण?

"कणीकताई कणीकताई, भिज ना!
लाटणं फिरेना,
चूल पेटेना,
कढई तळेना,
मला पुरी मिळेना!"

कणीक म्हणाली, "आधी मावशी उठू दे. मगच मी भिजेन. कालपासून अशीच पडलेय गं."

तिळी गेली दाराकडे. तुरुतुरु तुरुतुरु. उंबऱ्यात बसली होती हौसामावशी. या घरात ती एकटीच राहायची. ती रस्त्याकडे बघत होती. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तिळी तिच्या पायाच्या अंगठ्यावर चढली.

"मावशी मावशी, ऊठ ना!
कणीक भिजेना,
लाटणं फिरेना,
चूल पेटेना,
कढई तळेना,
मला पुरी मिळेना!"

मावशी म्हणाली, "लेक माझी सासरी गेली. एकटीसाठी कुठे पुऱ्या तळायच्या? आधी कुणी जेवायला येऊ दे. मगच मी उठेन."

तिळीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता जायचं कुणाकडे? कुणीच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

मग ती हळूच म्हणाली, "मावशी, मी आलेय ना."

मावशीने खाली वाकून पाहिलं.

"अगं बाई! तू जेवायला आलीस? माझ्याकडे?"

"हो."

"एकटीच?"

"हो. रांग पुढे निघून गेली."

"बस हं बाळा. भूक लागली असेल."

मावशी उठली.
कणीक भिजली. थप थप थप!
लाटणं फिरलं. गरगर गरगर!
चूल पेटली. धगधग धगधग!
कढई तळू लागली. चुर्र चुर्र!
आणि पुरी फुगली. टम्म!

एक मोठी पुरी मावशीला. एक बोराएवढी पुरी तिळीला.

"गरम आहे हं. जपून खा."

तिळीने खाल्ली. कुटुम कुटुम.

"मावशी, रांग खूप लांब गेली असेल का गं?"

"असेल. माझी लेकसुद्धा खूप लांब असते."

मावशीने आणखी एक पुरी मोडली.

"घे, अजून एक घास."

तिळीने एक घेतला. मावशीने एक घेतला.

परात झाली रिकामी, पोटं भरली दोघींची, आणि गोष्ट झाली पुरी!